बाहेरच्या भिंतीचे थकलेले प्लास्टर : काढावे किती, राखावे किती?

घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये बाहेरच्या भिंतींच्या तक्रारी वाढतात. यंदा नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यात विचारलेल्या गोष्टी बहुतेक जुन्या घरांना लागू पडतात.

प्रश्न : प्रतापनगर भागात आमचे दुमजली घर आहे. वडिलांनी ते १९८८ मध्ये बांधले. भिंती विटांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब आणि बाहेरून सिमेंटचे प्लास्टर असे त्याचे स्वरूप आहे. गेल्या काही वर्षांपासून पश्चिमेकडची भिंत बिघडत चालली आहे. ज्या खिडकीत कूलर बसवतो तिच्याखाली पोपडे सुटतात आणि पांढरी भुकटी येते. गच्चीच्या थोडे खाली भिंतीच्या लांबीभर एक आडवी भेग आहे. एका सज्ज्याच्या खालच्या बाजूचा तुकडा पडून आतली गंजलेली सळई दिसू लागली आहे. एक ठेकेदार म्हणतात, सगळे प्लास्टर खरवडून काढा आणि एकास तीन (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) या प्रमाणात जाड नवे प्लास्टर करा. दुसरे म्हणतात, फोडाफोडीची गरज नाही, पुट्टी भरून वरून लवचिक रंगाचे दोन हात दिले की काम झाले. आई म्हणते, इतकी वर्षे टिकलेल्या प्लास्टरला उगीच हात लावू नका. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तिघांपैकी आपल्या मातोश्रींचे म्हणणे सर्वांत कमी चुकीचे आहे. विटेला घट्ट धरून राहिलेले तीन-साडेतीन दशकांचे प्लास्टर फोडून काढणे म्हणजे पैसा तर घालवणेच, शिवाय छिन्नीच्या घावांनी चांगल्या विटांचे कोपरे उडवणे आणि सांधे सैल करणे होय. मात्र सुटलेले प्लास्टर राखूनही उपयोग नसतो, कारण त्याच्यामागे पाणी साठते आणि शेजारचा घट्ट भागही हळूहळू सोडवत नेते. म्हणून पहिले काम भिंत ठोकून पाहण्याचे आहे. लहान लाकडी हातोडी किंवा छिन्नीची मूठ घेऊन हातभर अंतरावर ठोकत जावे. घट्ट प्लास्टरचा आवाज भरीव आणि आखूड येतो, तर सुटलेल्या प्लास्टरचा पोकळ, मडक्यासारखा येतो. पोकळ भागांभोवती खडूने रेघ ओढावी. सगळी भिंत अशी तपासून झाल्यावर चार पावले मागे सरून पाहिले, की किती काढायचे ते ठेकेदाराला विचारण्याची गरज उरत नाही. एखाद्या भिंतीचा निम्म्याच्या आसपास भाग पोकळ निघाला, तर तेवढी एक भिंत पूर्ण काढणे परवडते, कारण ठिगळांचे सांधेच पुढे भेगांना जागा देतात. त्याहून कमी असेल तर फक्त खुणा केलेला भाग काढावा.

परंतु काढण्याच्या आधी पाणी कोठून येते हे शोधलेच पाहिजे. आपल्या पत्रात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

कूलरखालची जागा आधी घेऊ. नागपुरात मार्चअखेरपासून पावसाची झड लागेपर्यंत कूलर चालतो आणि त्यातील पाणी बहुधा बोअरचे, म्हणजे जड असते. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीत साठत जातात. टाकी भरून वाहिली, गवताच्या जाळीतून थेंब उडाले किंवा स्टँडच्या सांध्यातून पाणी ठिबकले, की ते क्षारयुक्त पाणी खिडकीखालच्या भिंतीत शिरते. आपण नीट पाहिल्यास डाग खिडकीच्या उंबऱ्यापाशी अरुंद आणि खाली रुंद होत गेलेला दिसेल, आणि जेथे स्टँडचे पाय भिंतीत रोवले आहेत त्या भोकांभोवती गंजाच्या तपकिरी रेषा उतरलेल्या असतील. भिंतीतले पाणी बाहेर येऊन वाळते तेव्हा क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या किंचित आत तयार होतात, तेथे जागा मागतात आणि रंगासह प्लास्टरची कातडी बाहेर ढकलतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी लावली तर पुट्टीही त्याच रीतीने ढकलली जाते. दुसऱ्या ठेकेदारांच्या सल्ल्यातली मुख्य अडचण हीच आहे.

यावर उपाय असा : कूलरचा स्टँड जमिनीपासून किंवा बाल्कनीच्या फरशीपासून उभा करावा, तो भिंतीत रोवू नये. ते शक्य नसेल तर कूलरखाली कडा असलेली पत्र्याची थाळी बसवून तिला नळी जोडावी आणि ते पाणी खाली नालीत सोडावे. खिडकीच्या उंबऱ्यावर कोटा किंवा कडप्पा फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावी, ती भिंतीच्या दोन इंच पुढे काढावी आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून थोड्या अंतरावर एक खाच मारून घ्यावी. फरशीच्या पोटाने मागे वाहणारे पाणी त्या खाचेपाशी तुटते आणि थेंब भिंतीपासून दूर पडतो. ही खाच मारायला मिस्त्रीला अर्धा तासही लागत नाही, तरी नव्या घरांतही ती बहुधा विसरलेली असते. एवढे झाल्यावर लोणा लागलेले प्लास्टर विटेपर्यंत काढावे, भिंत कोरडी होऊ द्यावी आणि वर आलेली पांढरी भुकटी कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करून फेकावी. ती पाण्याने धुऊ नये, कारण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा विटेत जातात. झाडल्यावर काही दिवसांनी भुकटी परत येते, ती पुन्हा झाडावी. येणे थांबले की भिंत प्लास्टरला तयार झाली असे समजावे.

गच्चीखालची आडवी भेग ही प्लास्टरची नसून स्लॅबची आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या गच्चीचा स्लॅब त्याहून पुष्कळ अधिक तापतो, लांबीने वाढतो आणि रात्री आखडतो. खालची विटांची भिंत त्याच्याइतकी हलत नाही. या ओढाताणीत स्लॅब आणि भिंत जेथे भेटतात तेथे सरळ आडवी भेग पडते. ती सिमेंटने कितीही वेळा भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात उघडणारच. तेथे प्लास्टरमध्ये मुद्दाम सरळ खाच ठेवून तिच्यात लवचिक सीलंट (रबरासारखा ताणला जाणारा भराव) भरणे हा योग्य मार्ग आहे; भेग पडायचीच असेल तर ती आपण नेमलेल्या जागी, झाकलेली आणि पाणी न घेणारी पडावी. त्याचबरोबर गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइलचे आवरण किंवा पांढरा परावर्तक रंग दिला तर स्लॅबचे तापणेच कमी होते, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्याचा वेगळा लाभ मिळतो.

सज्ज्याच्या बाबतीत मात्र उशीर करू नये. गंजलेली सळई मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते आणि त्या दाबाने काँक्रीट खालून फुटते. आज एक तुकडा पडला आहे, उद्या पडणारा तुकडा मोठा असू शकतो, तेव्हा काम होईपर्यंत त्याखाली कोणास बसू देऊ नये. सळईभोवतीचे सैल काँक्रीट सर्व बाजूंनी मोकळे करून, तारेच्या ब्रशने गंज चकचकीत पोलाद दिसेपर्यंत काढून, गंजरोधक लेप देऊन मगच पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने तो भाग भरावा. सळई गंजून बारीक झाली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ती झाकू नये. गंजावर नुसते प्लास्टर थापणे म्हणजे आतली क्रिया डोळ्यांआड करणे आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक सज्ज्यांची दुरुस्ती अशीच होते.

आता पहिल्या ठेकेदारांच्या एकास तीन प्रमाणाविषयी. सिमेंट जितके जास्त तितकी मजबुती जास्त, हा समज इतका रुजलेला आहे की मिस्त्रीला कमी सिमेंट घालायला सांगितले तर तो घरमालकालाच कंजूष ठरवतो. प्रत्यक्षात जास्त सिमेंटचा मसाला वाळताना अधिक आकसतो, अधिक कडक होतो आणि जुन्या, मऊ विटेशी जुळवून घेत नाही. परिणामी अंगावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि कडक कवच मागून सुटते. आतला थर मजबूत आणि बाहेरचा त्याहून किंचित मऊ, निदान त्याहून कडक नाही, असा नियम ठेवावा. आपल्या भिंतीसाठी एकूण २० मिलिमीटर जाडीचे दोन थरांतले प्लास्टर पुरेसे आहे : आतला सुमारे १२ ते १५ मिलिमीटरचा थर एकास चार किंवा पाच प्रमाणात, आणि बाहेरचा पातळ थर एकास पाच किंवा सहा प्रमाणात. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा मिश्र मसाला मिळत असेल तर मी तो अधिक पसंत करीन, कारण चुन्यामुळे मसाला मऊ राहतो आणि बारीक हालचाल सहन करतो. खर्चाचा अंदाज घेण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे की २० मिलिमीटर जाडीच्या १०० चौरस फूट प्लास्टरला एकास चार प्रमाणात ५० किलोची साधारण दीड पोती सिमेंट लागते. कोणी याच्या दुप्पट हिशोब दिला तर कारण विचारावे.

रेतीकडे सिमेंटपेक्षा अधिक लक्ष द्यावे. कन्हान नदीची रेती म्हणून जे गाडीतून उतरते त्यात कधी कधी मातीचा अंश बराच असतो, आणि माती असलेला मसाला भेगा पाडल्याशिवाय राहत नाही. काचेच्या उभ्या बरणीत निम्म्यापर्यंत रेती घालून, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोराने हलवावे आणि बरणी दोन-तीन तास स्थिर ठेवावी. रेती खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. हा थर रेतीच्या थराच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा जाड असेल तर रेती धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. दगड फोडून केलेली कृत्रिम रेती वापरायची असल्यास ती प्लास्टरसाठी वेगळी चाळलेली मागावी. खदानीची साधी चुरी त्या जागी चालत नाही.

प्रत्यक्ष काम करताना काढलेल्या भागाच्या कडा चौकोनी आणि आतल्या बाजूस थोड्या तिरक्या कापाव्यात, विटांचे सांधे सुमारे १० मिलिमीटर खोल खरवडावेत, धूळ झाडावी आणि भिंत आदल्या संध्याकाळी भिजवावी. प्लास्टरच्या वेळी विट ओलसर असावी, पण तिच्यावर पाणी चमकत असता कामा नये. सिमेंट आणि जाड रेतीचा पातळ मसाला भिंतीवर शिंपडून तो खरबरीतच सुकू दिला, तर पहिला थर चांगला धरतो. पहिल्या थरावर ओला असतानाच ओरखडे मारून ठेवावेत. जेथे काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत यांचा सांधा आहे तेथे दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर जाईल अशी कोंबडी जाळी (बारीक तारेची जाळी) खिळ्यांनी ताणून बसवावी. पाणी घातलेला मसाला अर्ध्या तासात संपवावा. घट्ट होऊ लागलेला मसाला पुन्हा पाणी मारून सैल करण्याची सवय मजुरांना असते, ती त्या दिवसापुरती तरी मोडावी. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी काम करावे आणि दुपारच्या उन्हात ओले गोणपाट लटकवावे. पुढे किमान सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावे. नव्या प्लास्टरचे अर्धे आयुष्य या सात दिवसांत ठरते, आणि नेमके याच दिवसांत ठेकेदाराची माणसे दुसऱ्या साइटवर गेलेली असतात, म्हणून पाइप घरच्यांनीच हाती घेतलेला बरा.

लवचिक रंगाला माझा सरसकट विरोध नाही. घट्ट, कोरड्या आणि केसासारख्या बारीक भेगा असलेल्या भिंतीवर तो उत्तम काम करतो. ओल आतून येत असलेल्या भिंतीवर मात्र त्याचे फुगे येतात आणि फुग्यात पाणी भरलेले सापडते.

प्रश्न : महाल भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जाड, पातळ विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी समोरच्या भिंतीचे चुन्याचे प्लास्टर काढून सिमेंटचे केले. आता ते मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटत आहे आणि मागची विट हाताने खरवडली तरी भुकटी होते. असे का झाले?
— एक वाचक, महाल

उत्तर : भोसल्यांच्या काळापासूनच्या वस्तीतील ज्या घरांच्या भिंती चुन्यात बांधल्या आहेत, त्यांना जमिनीतून आणि पावसातून थोडी ओल नेहमीच मिळत असते. चुन्याचे प्लास्टर ती ओल बाहेर जाऊ देते, म्हणून अशी भिंत ओली होते आणि वाळते. सिमेंटच्या कडक थराने ही वाट बंद केली. पाणी आत अडकले, क्षारांसह विटेच्या पृष्ठभागावरच साठले आणि मऊ विट पिठासारखी झाली. प्लास्टर सुटताना विटेची कातडी सोबत घेऊन येते ते यामुळेच.

सुटलेले सिमेंट हलक्या हाताने काढावे. जे घट्ट आहे ते जोर लावून काढण्याचा हट्ट धरू नये, त्याने विटेचे नुकसान वाढते. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी राहिली तर फार चांगले. भुकटी झालेल्या विटा बदलाव्यात किंवा त्यांच्या जागी जुन्या विटांचे तुकडे चुन्यात बसवावेत. त्यानंतर चुन्याचेच प्लास्टर करावे. पूर्वी बैलाने फिरवलेल्या घाण्यात चुना आणि रेती मळत, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत. तेवढे आज करता आले नाही तरी कळी चुना नीट विरवून, गाळून काही आठवडे पाण्याखाली मुरत ठेवता येतो. चुन्याचा थर पातळ द्यावा, एका वेळी दहा-बारा मिलिमीटरहून जास्त नको, आणि तो हळूहळू वाळावा म्हणून आठवडाभर ओलसर ठेवावा. वरून चुन्याचा रंगच लावावा. प्लास्टिक रंग लावला तर सिमेंटने जे केले तेच तो थोड्या उशिराने करील.

चुन्याचे काम येणारा मिस्त्री मिळणे कठीण आहे हे मला मान्य आहे. अशा वेळी जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या जीर्णोद्धारावर काम केलेल्या माणसाचा शोध घ्यावा.

प्रश्न : मानेवाडा भागात आमचे घर फारसे जुने नाही, पण खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. उन्हाळ्यात त्या रुंद होतात, पावसाळ्यात जवळजवळ मिटतात. दोनदा प्लास्टर करून झाले, भेगा परत येतात.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आपण दिलेली ऋतूंची खूण फार बोलकी आहे. नागपूरच्या बऱ्याच भागांत घरांखाली काळी कपाशीची माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हाताचा पंजा जाईल इतक्या भेगा पडतात. पाया त्या थराच्या खाली पुरेसा खोल गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून, जेथे भिंत कमकुवत असते तेथून, तिरपी फाटते. प्लास्टर येथे निर्दोष आहे. आधी प्रत्येक भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा लहान आडवा ठिपका द्यावा आणि त्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी. ठिपका तडकला तर भेग अजून हलत आहे. घराभोवती जोत्याला लागून किमान तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली पक्की पट्टी करावी, गच्चीचे पाणी पाइपने दूर सोडावे आणि भिंतीजवळची मोठी झाडे व सांडपाण्याचे शोषखड्डे यांचा विचार करावा. मातीतला ओलावा वर्षभर जवळजवळ सारखा राहिला तर तिची हालचाल कमी होते. एखादी भेग पाच मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पायाच पाहू द्यावा. प्लास्टरवर पुन्हा खर्च त्यानंतरच करावा.

प्रश्न : यंदा दिवाळीपूर्वी घराचा बाहेरचा रंग करायचा आहे. दोन भिंतींचे प्लास्टर नव्याने करावे लागेल. पाऊस थांबताच सुरू केले तर वेळेत होईल का? शिवाय भिंतीत पिंपळाचे रोप उगवले आहे, त्याचे काय करावे?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : होणार नाही, निदान नीट होणार नाही. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बराचसा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही भिंत आतून काही आठवडे ओली असते. त्यावर नवे प्लास्टर करून सात दिवस पाणी मारायचे आणि मग ते वाळायला साधारण चार आठवडे द्यायचे, म्हणजे दिवाळी मागे पडते. ताज्या प्लास्टरमध्ये अल्कली जास्त असते आणि घाईने लावलेला रंग तिच्यामुळे डागाळतो किंवा सुटतो. दिवाळीसाठी समोरची भिंत स्वच्छ करून तिला एक हात चुना द्यावा. प्लास्टर नोव्हेंबरमध्ये सुरू करावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात या कामाचा सर्वांत चांगला काळ आहे, कारण ऊन मवाळ असते आणि पाणी लगेच उडून जात नाही. रंग संक्रांतीनंतर द्यावा.

पिंपळाचे रोप वरून छाटले तर ते जोमाने पुन्हा फुटते. प्लास्टर काढलेले असतानाच सांधे मोकळे करून मूळ शक्य तितके आतपर्यंत ओढून काढावे आणि ती जागा मसाल्याने भरून घ्यावी. घरात पिंपळ तोडायला कोणाचा विरोध असेल तर रोप मुळासकट काढून मोकळ्या मैदानात लावता येते. बोटभर जाडीचे रोप पावसाळ्यात बहुधा जगते.